गाडी निघाली आहे

"झोप लागली का रात्री, वैनी?"

भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मी तुळशीला पाणी घालत होते. पाणी म्हणजे तांब्याभरच, नळ येऊन सहा दिवस झालेले. आमच्या सातारा-देवळाईकडे माणसं एकमेकांना "जेवलात का" असं विचारत नाहीत, "पाणी आलं का" असं विचारतात. पण काल रात्री विषयच वेगळा होता.

"कुठली झोप अक्का! साडेअकरापर्यंत व्हायब्रेटर नुसता कानात घरघरत होता."

"सकाळी आठला नारळ फुटला अन् रात्री साडेअकराला स्लॅब संपला. सरांच्या बाईनं मजुरांसाठी जिलबी आणली होती पाच किलो. ती बिचारी दुपारीच संपली, कारण गाडीच येईना. मजुरांनी करायचं काय? खाल्लं अन् सावलीला झोपले. अन् आमचे हे! खुर्ची टाकून दिवसभर बसले सरांच्या फाटकात. घरी पंखा दुरुस्त करा म्हणलं तर गुडघे दुखतात."

सर म्हणजे कोपऱ्यावरच्या प्लॉटचे. वरचा मजला चढवताहेत. आमचाही वरचा मजला पंधरा दिवसांत स्लॅबला येतोय, म्हणून माझा कान जरा जास्तच भिंतीकडे होता. तेवढ्यात दात घासत नाना बाहेर आले. नाना वाळूजच्या एका कंपनीत डिस्पॅचला होते, तीस वर्षं. सुटे भाग मिनिटावर पोचवण्यात जन्म गेला, त्यामुळे कुणाची गाडी उशिरा आली की ह्यांच्या अंगात वारं येतं.

"वैनी, मी तुम्हाला सांगतो," त्यांनी ब्रश भिंतीवर ठेवला. "सातला प्लँटवरून फोन आला. साइट तयार आहे का? सर म्हणाले, तयारच समजा. मी गेलो तेव्हा वायरमन सळयांमधून पाइप टाकायला होता! सुपरवायझरनं वर कळवलं, साइट अजून उघडी आहे. झालं, आठची पाळी गेली दुसऱ्याला. मग सर फोन करतात, गाडी कुठंय? तिकडून उत्तर, निघाली आहे. इकडून 'तयारच समजा', तिकडून 'निघाली आहे'. दोघंही तेवढेच खरे."

"मग कधी आली?"

"अकरा दहाला. मी चलान बघितलं. भरल्याची वेळ नऊ पाच! आता हिशेब करा. प्लँटवर सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू झालं. आयएस 4926 म्हणून रेडी मिक्सचं मानक आहे, त्यात साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला पाहिजे असं आहे. काँक्रीट उशिरा धरावं म्हणून औषध घातलेलं असेल तर जास्त वेळ चालतो, पण ते आधी ठरवून. ही गाडी ए. एस. क्लबला अडकली, महानुभाव आश्रमाच्या चौकात अडकली, अन् एवढं करून आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली तर तिथं लग्नाच्या पाहुण्यांची पांढरी कार! मालक मंगल कार्यालयात."

अक्का मध्येच म्हणाल्या, "अन् त्या गाडीनं आपल्या नालीवरचा ढापा फोडला, ते सांगा की."

"फोडणारच. सहा घनमीटर काँक्रीट म्हणजे नुसतं चौदा टनांच्या वर वजन. गाडीचं वेगळं. आदल्या दिवशी ढाप्यावर लोखंडी प्लेट टाकून ठेवायची असती."

मला एक शंका होती, ती विचारून टाकली. आमच्या मिस्त्रीनं ब्रासात सांगितलंय अन् प्लँटवाला घनमीटरात बोलतो. नानांना हे म्हणजे आंब्याच्या दिवसांत आमरस.

"एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. सरांचा स्लॅब 1200 चौरस फूट, पाच इंची. 500 घनफूट झाले, पाच ब्रास. बीम आणि छज्जे धरून मिस्त्री म्हणाला साडेसहा ब्रास. गुणून बघा, 18.4 घनमीटर येतात. अन् सरांनी मागवले किती? सहाच्या तीन गाड्या, 18. वरचं पॉइंट चार सोडून दिलं. त्यात पंपाच्या पाइपात अन् हौदात थोडं राहतंच, सेंट्रिंग थोडं वाकतं, एखादी पाटी सांडते. शेवटी जिन्याकडचा कोपरा उघडा राहिला! अर्ध्या मीटरसाठी गाडी पाठवायला प्लँट तयार होईना. मग रात्री आठला भाड्याचा मिक्सर, सिमेंटच्या गोण्या, खडी, वाळू, सगळी पळापळ. तुमची झोप मोडली ती त्या पॉइंट चारपायी."

शाळेत मी पंचवीस वर्षं अपूर्णांक शिकवले. एवढं चांगलं उदाहरण मला कधी सुचलं नाही.

"मग मागवायचं कसं?"

"पहिल्या दोन गाड्या पूर्ण घ्यायच्या. दुसरी रिकामी व्हायला लागली की इंजिनिअरनं टेप घेऊन उरलेला भाग मोजायचा अन् मग शेवटची गाडी किती भरायची ते प्लँटला सांगायचं. हे आधीच बोलून ठेवायचं, शेवटचा आकडा साइटवरून येईल म्हणून. गरज एका गाडीच्या वर जात असेल तर तेही तेव्हाच कळतं, रात्री आठला नाही."

अक्कांनी दुधाचं पातेलं घरात नेऊन ठेवलं आणि परत आल्या. विषय सोडवत नव्हता.

"पण दोन गाड्यांमध्ये तीन-तीन तास कामून गेले हो?"

"कारण गाडी एकच होती!" नाना भिंतीवर हात आपटून म्हणाले. "तीन गाड्या म्हणजे तीन खेपा. एकच गाडी तीनदा फिरली. प्लँटवरून यायला 40 मिनिटं, रिकामी व्हायला अर्धा तास, परतीला 35, भरायला 15. रस्ता मोकळा असला तरी दोन तास. त्यात ट्रॅफिक, ड्रायव्हरचं जेवण. सर विचारत होते, किती वाजता येईल. विचारायला पाहिजे होतं, आमच्यावर किती गाड्या ठेवल्या. दोन असत्या तरी तासाला एक आली असती. अन् पोचायची वेळ विचारूच नका, भरायची विचारा. भरली किती वाजता, ड्रायव्हरचा नंबर द्या. 'निघाली' या शब्दाला काही अर्थ नाही. 1913 साली तिकडं अमेरिकेत बाल्टिमोरला हा तयार काँक्रीटचा धंदा सुरू झाला म्हणतात. तिथंही पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं असेल, गाडी कुठंय, अन् उत्तर हेच मिळालं असेल."

आमच्या शहराला खरं तर ही घाई नवी. भडकल दरवाजा मलिक अंबरनं 1612 साली बांधला तो चुन्यात. चुना भिजवून ठेवायचा, घाणीत मळायचा, सबुरीनं वापरायचा. मुरला की आणखी चांगला. सिमेंटला मुरणं माहीत नाही. दुपारी 41 अंशांत पहिल्या गाडीचा माल धरायला लागला आणि दुसरी आली त्याच्यानंतर कितीतरी वेळानं. जुन्या-नव्याची मधली रेघ म्हणजे कोल्ड जॉइंट. पावसाळ्यात पाणी नेमकं तिथून झिरपतं. नानांचं म्हणणं, गाडी येत नाही हे कळल्यावर मिस्त्रीनं जिथं माल संपला तिथं तसाच उतरता सोडला, हे सगळ्यात वाईट. थांबावंच लागलं तर कुठं थांबायचं ते इंजिनिअरला आधी विचारून ठेवायचं, साधारण गाळ्याच्या मधल्या भागात, बीमच्या तोंडाशी नाही. फळी लावून उभं, सरळ थांबायचं. पुढचा माल टाकण्याआधी ती कड खरवडून, धुऊन घ्यायची.

"अन् पाण्याचं सांगा ना," अक्कांनी टोकलं.

"हां! पहिल्या गाडीचा माल घट्ट झालेला. मजूर म्हणाले, दोन बादल्या मारा, पळेल. ड्रायव्हरनं पाइप उचललासुद्धा. मी खुर्चीतून उठलो. म्हणलं, माल पळेल, पण ताकदही पळेल. परत पाठवा नाहीतर प्लँटच्या माणसाला बोलवा. शेवटी त्यांचा माणूस मोटारसायकलवर औषधाचा कॅन घेऊन आला, ड्रम फिरवला अन् माल सैल झाला. तोवर दोन तासांची मर्यादा केव्हाच उलटली होती, सरांच्या इंजिनिअरनं स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. मी घेतला नसता. म्हणून म्हणलं, क्यूब तरी भरा. सोळा ते तीस घनमीटरला तीन नमुने, एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे नऊ. सरांनी भरले तीन, तेही शेवटच्या गाडीचे, जी वेळेवर आली होती!"

अठ्ठावीस दिवसांनी ते तीन क्यूब उत्तम पास होतील आणि सर आख्ख्या गल्लीला कागद दाखवतील, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

तेवढ्यात अक्कांनी खरा मुद्दा काढला. बायकांनाच तो सुचतो, कारण हंडे त्याच भरतात. "स्लॅब टाकला, पण मारायला पाणी कुठंय? सर सकाळी आमच्याकडं पाइप मागायला आले होते. म्हणलं पाइप न्या, पाणी काय भरता त्यात?"

नानांनी बोटांवर मोजलं. वाफे करून दोन इंच पाणी ठेवायचं तर 1200 चौरस फुटांना साडेपाच हजार लिटरच्या पुढं जातं, म्हणजे एक मोठा टँकर. उन्हानं आटेल ते वेगळं. आणि असल्या कोरड्या उन्हात दहा दिवस तरी स्लॅब ओला पाहिजे. जायकवाडी एवढी मोठी, पण आमच्या नळाची पाळी आठवड्याच्या पुढं. म्हणून अक्कांचा सल्ला असा की स्लॅबची तारीख मुहूर्त बघून नाही, नळाची पाळी बघून धरायची. स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी नळ, टाकी भरलेली, टँकर बुक केलेला.

मी पंचांग बाजूला ठेवलं. ह्यांच्याशी बोलले, इंजिनिअरशी बोलले, प्लँटवर स्वतः जाऊन आले. दोन गाड्या आमच्यावर, पहिली पहाटे सहाला भरणार, पंप आदल्या रात्री गल्लीत येऊन उभा राहणार. वायरमनचं काम शनिवारी दुपारी संपणार, आणि ते नाना स्वतः जिना चढून बघणार आहेत. गुडघे दुखत नाहीयेत सध्या. नऊ क्यूबचे साचे सांगून ठेवलेत. जिलबी मात्र दुसरी गाडी रिकामी झाल्यावरच आणायची, असं अक्कांनी बजावलंय.

तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना विनंती, पुढच्या रविवारी पहाटे पाचपासून दुपारी बारापर्यंत आपापल्या चारचाकी मैदानात नेऊन लावा. पाहुणे येणार असतील तर त्यांनाही सांगा. आणि ज्यांच्याकडे ढाप्यावर टाकायला लोखंडी प्लेट असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत आमच्या फाटकाशी आणून द्यावी, सोमवारी परत मिळेल.