अकरा वेलींचा हिशेब

मटार सोलायला बसलेल्या घरात खरा हिशेब कधीच लागत नाही. डिसेंबरात मंडईतून दोन किलो शेंगा आणायच्या, वर्तमानपत्र अंथरायचं, मधे पातेलं ठेवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. तासाभराने टरफलांचा डोंगर झालेला असतो आणि पातेल्याचा जेमतेम तळ झाकलेला असतो. शेंगेचं निम्म्याहून अधिक वजन टरफलातच जातं, ही गोष्ट आमच्या घरातल्या चोरांच्या फार पथ्यावर पडते.

यंदा मी ठरवलं, मटार घरीच लावायचे. बाल्कनीत, सहा कुंड्यांत. आई सासवडच्या बाजूची. तिकडे वाटाण्याची शेतंच्या शेतं, तोड्याला बायकांची रांग आणि पोत्यांनी भरलेले टेम्पो. ती 'मटार' म्हणत नाही. तिच्या मते शेतात असतो तो वाटाणा, आणि शहरात येऊन भाव खायला लागला की त्याचा मटार होतो. माझ्या कुंड्या बघून ती एवढंच म्हणाली, "वाटीत लावला असतास तरी चाललं असतं. उसळही तेवढीच व्हायची आहे."

बी 'अर्कल' जातीचं आणलं. पाकीट फोडलं तर आत आक्रसलेले, सुरकुतलेले दाणे. दुकानदाराने जुनं बी गळ्यात मारलं, या समजुतीने मी चप्पल घालून निघालोच होतो. आईने दारातच अडवलं. "सुरकुतलेलंच गोड निघतं." नंतर वाचलं, तर खरंच. या दाण्यात साखरेचा पुरेसा स्टार्च होत नाही. साखर जास्त म्हणून कोवळेपणी पाणीही जास्त, आणि वाळताना ते पाणी गेलं की साल चुरगळते. मोठ्या उत्साहाने हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मी वेगळं काय म्हणाले?"

ऑक्टोबरअखेरीस चोवीस दाणे रात्रभर भिजवून लावले. आठवड्याभराने मान वाकवून कोंब वर आले. काही उंदराने उकरून नेले, काही चिमण्यांनी खुडले, एक मी स्वतःच रोज माती उकरून 'आलं का, आलं का' बघताना मारला. उरल्या अकरा वेली. त्यांना सुतळी बांधून दिली आणि मग खरी करमणूक सुरू झाली. वेलीच्या टोकाचे ते केसासारखे तणावे हवेत चाचपडत फिरतात. सुतळीला नुसते टेकले की काही वेळात तिला वेढा घालतात. आधार कोणता, याचा त्यांना विधिनिषेध नाही. एका सकाळी बायकोने हाक मारली, "अहो, तुमच्या वेलीने माझी ओढणी धरलीय, सोडवा." आम्ही दोघांनी दहा मिनिटं खपून ती ओढणी सोडवली. इतक्या चिकाटीने या घरात मी कशालाच धरून राहिलेलो नाही.

पांढरी फुलं आली तेव्हा मेंडेल आठवला. ब्रनोच्या मठातला हा साधू शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला होता. 1856 पासून सात-आठ वर्षं त्याने मठाच्या बागेत वाटाणे लावले, आणि ते लावता लावता आनुवंशिकतेचे नियम हाती लागले. त्याच्या एका प्रयोगात 253 झाडांपासून 7,324 दाणे मिळाले: 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेले. लोक त्यातलं तीनास एक हे प्रमाण बघून थक्क होतात. मी थक्क झालो ते सात हजार दाणे मोजून होईपर्यंत एकही कुणाच्या तोंडात गेला नाही म्हणून. अर्थात त्याचे दाणे वाळलेले होते, आणि मठात माझी मुलगी नव्हती.

कारण मीही त्याचा आकडा धरून गणित मांडलं होतं. झाडाला एकोणतीस दाणे, अकरा वेलींचे तीनशे एकोणीस. उसळ नाही, पण मटारभात नक्की. प्रत्यक्षात मुलगी कॉलेजला निघताना बाल्कनीत 'सहज' डोकावायची आणि तिची पाठ वळल्यावर वेलीवर रिकामी टरफलं लोंबताना दिसायची. शेंग न तोडता, पोट फाडून दाणे काढायचं हे कसब तिने कुणाकडून घेतलं याचा मी शोध लावला नाही. आई त्या वेळी मन लावून जपमाळ ओढत होती. आणि मी? मी फक्त चव बघितली. झाडावरून तोडलेला दाणा तिथल्या तिथे खाल्ला तरच गोड, मग त्यातली साखर उतरत जाते, हे माहीत असलेल्या माणसाने शेंग घरात नेणं म्हणजे मालाची नासाडीच.

शेवटच्या तोड्याला स्वयंपाकघरात पोचले ते बरोबर अठ्ठावीस दाणे. आईने ते तळहातावर घेऊन हलवले. "एका करंजीचं सारण होईल. कुणाला देऊ?"

तंटा नको म्हणून मंडईतून किलोभर शेंगा आणल्या आणि मटारकरंज्यांचा घाट घातला. घरच्या दाण्यांची करंजी आईने वेगळी भरली, ओळख म्हणून तिच्या टोकाला चिमटा काढला. पण कढईतून निथळून आल्या तेव्हा तीन करंज्यांना चिमटा होता.

सगळ्यांनी खाल्ल्या, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. बायको म्हणते तिचीच गोड होती. मुलगी नुसती हसते. आईने शेवटपर्यंत काही सांगितलं नाही, पण तिने दुसरी घेतली नाही.