साडेचार इंचांची सभ्यता

रामपूरहून आणलेला नवा घडीचा चाकू प्रथमच उघडला, तेव्हा ‘खट्’ असा मोजका उद्गार काढून पाते एवढ्या अदबीने बाहेर आले, की त्याला आजवर केवळ हिंदी चित्रपटांतील खलनायकांच्या हाती पाहिल्याचा मला संकोच वाटला. मुठीवरील पितळी कामाहूनही मनोहर भासली ती पात्याची कायदेशीर लांबी. कारण साडेचार इंचांहून मोठ्या पात्यावर उत्तर प्रदेश सरकारने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंदीचा हुकूम काढला, आणि कारागिरांचा धंदा बसला. तथापि सरकार कलेविषयी उदासीन होते असे कोणी म्हणू नये: २०२३ साली त्याच रामपुरात, भर चौकात, ६.१० मीटर लांबीचा रामपुरी चाकू समारंभपूर्वक उभारण्यात आला. यातील तत्त्व वंदनीय आहे: खिशात मावते ते हत्यार, मावत नाही ती संस्कृती. याच न्यायाने खिसेकापूंनीही पाकिटांचा क्षुद्र मोह सोडून एकदम सरकारी खजिन्याला हात घालावा. त्यांच्या पुतळ्यांसाठी चौक पुष्कळ आहेत.

मी एक पेरू कापला, पाते पुसले आणि चाकू मिटून खिशात ठेवला. चौकातला उघडाच आहे.