पाठीवरचे बिऱ्हाड

जर्मनीत शिकणारा मराठी विद्यार्थी दोन सत्रांमधल्या सुट्टीत एकटाच व्हिएन्ना पाहायला जातो, तेव्हा त्याच्या सहलीचा शेवटचा दिवस पंचांगाच्या दृष्टीने इतर दिवसांसारखाच असला, तरी त्याची रचना अगदी निराळी असते. कारण हॉस्टेलमधली खाट सकाळी दहाला सोडावी लागते, परतीची बस एर्डबर्गच्या तळावरून रात्री उशिरा सुटते, आणि मधल्या वेळात त्याला साऱ्या ऑस्ट्रियात टेकायला हक्काची जागा उरत नाही. या कालखंडास येथे सोयीसाठी ‘निराधार तास’ म्हटले आहे. रेल्वे स्थानकात सामानासाठी लॉकर असतात. परंतु तेवढ्या भाड्यात एक कॉफी होते, हा हिशेब डोक्यात शिरला की विद्यार्थी पाठीवरचे बिऱ्हाड पाठीवरच ठेवतो आणि या काटकसरीस मुक्त भ्रमंती म्हणू लागतो.

वाचवलेल्या पैशांची कॉफी अर्थातच कॉफीहाउसमध्ये प्यायली जाते. व्हिएन्नाचे कॉफीहाउस म्हणजे एका कपावर तासन्‌तास बसू देणारी संस्था होय. तेथे मेलांज, म्हणजे गरम दूध घालून वर फेस आणलेली कॉफी, चकचकीत तबकात पाण्याच्या पेल्यासह येते आणि वर्तमानपत्रे लाकडी दांडीला अडकवलेली असतात. ही दांडी हाती आली की स्थानिक दिसण्याची विद्यार्थ्याची जुनी हौस उफाळून येते. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात कमावलेले जर्मन त्याला हवामानाच्या चौकोनापर्यंत सुखरूप नेते; पुढे अग्रलेखावर नजर स्थिर ठेवून, शेजाऱ्यांना संशय येणार नाही अशा बेताने पाने उलटणे, एवढेच त्याच्या हाती असते. प्रस्तुत लेखकाच्या संग्रही अशा दांडीसह काढलेली छायाचित्रे असून ती कोणी न विचारताही दाखवली जातात.

त्या छायाचित्रांत एक गोष्ट दिसत नाही. समोरची रिकामी खुर्ची शेजारच्या टेबलावरची मंडळी अत्यंत सभ्यपणे ‘मोकळी आहे ना?’ असे विचारून उचलून नेतात. तिच्यावर कोणी बसणार आहे का, असे विचारले असते तर हो म्हणून खोटे बोलायलाही विद्यार्थी तयार झाला असता, पण तसे कोणी विचारत नाही. पुढे स्वच्छतागृहात जायची वेळ येते, तेव्हा पाठीवरच्या सॅकसह अरुंद दारातून आडवे शिरावे लागते आणि आतली कडी लावायला हातच मागे वळत नाही. दादरच्या फलाटावर अनोळखी माणसालाही ‘जरा बॅगेकडे बघा हं’ म्हणता येते. ज्याला असे म्हणायला माणूस नाही तो एकटा, ही व्याख्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत आढळत नसली तरी व्यवहारात तीच खरी ठरते, आणि ती कळायला रमणीय सूर्यास्ताची मुळीच गरज लागत नाही.

येथे ऑपेराचा विषय काढणे तर्काला धरून नाही, तरीही तो टाळणे अशक्य आहे. 1869 साली मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने उघडलेले, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळालेले आणि 1955 मध्ये बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने पुन्हा सुरू झालेले व्हिएन्नाचे सरकारी ऑपेरागृह चांगल्या खुर्चीसाठी शेकड्यांत युरो घेत असले, तरी ‘श्टेप्लाट्झ’, म्हणजे उभे राहून पाहण्याची जागा, तेथे अगदी स्वस्तात मिळते. ही जागा मिळाल्यावर समोरच्या कठड्याला गळपट्टा बांधावा आणि निर्धास्त फिरून यावे, अशी तेथील रीत असून, झुंबरांखाली वावरणारे ते सुसंस्कृत शहर त्या गळपट्ट्याचा मान राखते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या ज्याच्या रक्तात आहे, त्याला हे पाहून धन्यता वाटणे स्वाभाविकच आहे. फरक इतकाच की तेथे रुमालावरून भांडण होत नाही, आणि भांडणावाचून मिळालेल्या जागेत तो अर्धा वेळ थोडा अस्वस्थच उभा असतो. वाग्नरची काही संगीतनाट्ये मध्यंतरे धरून पाच तास चालतात, हे मात्र रुमाल बांधण्यापूर्वी पाहून घेणे हिताचे असते, कारण बस नायिकेच्या मरणासाठी थांबत नाही.

स्थानिकपणाचा हा सारा डोलारा कोसळायला सेंट स्टीफन्स कॅथेड्रलसमोर दुपारी उतरलेली एखादी मराठी सहल पुरते. मराठी कानावर पडताच विद्यार्थी छपरावरची रंगीत कौले निरखू लागतो आणि चेहऱ्यावर शक्य तेवढे ऑस्ट्रिया आणतो; परंतु घोळक्यातल्या काकू कोणताही पुरावा न मागता थेट त्याच्याकडे येतात.

‘मराठीच ना रे तू? हे सगळे 343 पायऱ्या चढून मनोऱ्यावर निघालेत. माझे गुडघे नाही म्हणतात, मी आपली आत दर्शन घेऊन येते. तोवर या पिशव्यांकडे बघशील?’

विद्यार्थी बघतो. चौकातल्या फरशीवर पर्स, पाण्याच्या बाटल्या आणि खाकऱ्यांची पाकिटे यांच्या वेढ्यात तो मांडी घालून बसतो, तेव्हा दिवसभरात प्रथमच त्याची सॅक पाठीवरून खाली उतरलेली असते. मंडळी परतल्यावर काकू आभारही मानतात आणि पिशव्याही मोजतात. एक जास्त भरते, आणि ती आपलीच आहे हे पटवताना विद्यार्थ्याला आत कोंबलेला ओला टॉवेल चारचौघांत बाहेर काढून दाखवावा लागतो.