गृहस्थाश्रमी सबवूफर

घरात एखादं यंत्र आणलं, की त्याच्याविषयी पहिलं मत मालकाचं तयार होतं. सबवूफरच्या बाबतीत ते खालच्या मजल्याचं होतं. म्हणून या विषयात उतरण्यापूर्वी इच्छुकाने स्वतःची पात्रता तपासावी. आपण तळमजल्यावर राहता का? नसल्यास, खाली राहणाऱ्यांशी आपलं जाणं-येणं आहे का? मेंटेनन्स वेळेवर भरता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी असेल तर आधी थकबाकी चुकती करावी. थकबाकीदाराचा आवाज सोसायटीला नेहमीच जास्त ऐकू येतो.

पात्रता सिद्ध झाली, की यंत्राची ओळख करून घेऊ. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्यातला अगदी तळाचा, ८० हर्ट्झच्या आसपास संपणारा पट्टा सांभाळणारा स्पीकर म्हणजे सबवूफर. घरगुती सबवूफर बहुधा पॉवर्ड असतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे त्याला भिंतीतल्या विजेची स्वतंत्र वायर लागते. हॉलमध्ये मोकळा सॉकेट नाही, हे बहुतेक गृहस्थांना खोका फोडल्यावर कळतं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, देव्हाऱ्यावरची माळ आणि डासांचं लिक्विड यांची तिथे जुनी वहिवाट असते. यांपैकी फक्त लिक्विड हलवता येतं, तेही दिवसा.

आता वॅट. खोक्यावर छापलेले वॅट दोन जातींचे असतात, आरएमएस आणि पीएमपीओ. यंत्र सातत्याने जेवढं देऊ शकतं ते आरएमएस. छपाईवाल्याला जेवढं सुचतं ते पीएमपीओ. ते मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. सोनेरी अक्षरांत ‘१०,००० वॅट पीएमपीओ’ लिहिलेलं दिसलं, की त्या यंत्राची पिन हातात घेऊन पाहावी. घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा, वीज २३० व्होल्टची, गुणाकार १,३८० वॅट. उरलेले साडेआठ हजार कुठून येतात, हे दुकानदाराला चारचौघांत विचारू नये. आरएमएसनेही फार हुरळू नये. २०० वॅटांच्या जागी ४०० आणले, तर आवाजात भर पडते ती ३ डेसिबलची, म्हणजे ‘हं, जरा वाढलंय वाटतं’ एवढीच. बिलात पडते ती भर मात्र कुणालाही स्पष्ट ऐकू येते.

त्यापेक्षा आपल्याला किती खाली उतरायचंय ते ठरवावं. गवयाचा षड्ज काळी एकचा असेल, तर त्याच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. डबल बासची सगळ्यात जाड तार ४१ वर. पियानोची डावीकडची शेवटची पट्टी साडेसत्तावीसवर, पण तिच्यावर बोट फारसं पडत नाही. म्हणजे ज्या घरात अभंग, भावगीतं आणि रविवारी सकाळी नाट्यसंगीत वाजतं, तिथे ४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारं यंत्र पुष्कळ झालं. १९२५ पूर्वी कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी तर सबवूफरचं बटण बंदच ठेवावं. त्या तबकड्यांत खर्ज उतरलेलाच नाही. त्यासाठी विजेचा मायक्रोफोन यावा लागला.

चाळीसच्या खाली राहतात ती मुख्यतः सिनेमातली मंडळी: स्फोट, डायनोसॉर, कोसळणाऱ्या इमारती. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या सिनेमासाठी युनिव्हर्सलने थिएटरांत सेन्सराउंड नावाची यंत्रणा बसवली होती. भले मोठे वूफर लावून प्रेक्षकाला खुर्चीतच भूकंप द्यायचा, अशी योजना. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून खाली जाळी बांधली होती. आपल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट लांबलेलं असेल, तर ही माहिती चेअरमनना न सांगितलेली बरी.

खोल उतरण्याची किंमतही भारी आहे. एक सप्तक खाली जाऊन तेवढाच आवाज काढायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झला जे काम तो एक मिलिमीटर हलून करतो, त्याला ४० वर चार आणि २० वर सोळा मिलिमीटर लागतात. म्हणून पडदा मोठा हवा, म्हणून खोकं मोठं हवं. या धंद्यात हॉफमनचा लोहनियम प्रसिद्ध आहे. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला एच म्हणजे हे हॉफमन. त्यांचं म्हणणं असं, की खोल खर्ज, लहान खोकं आणि थोड्या वॅटांत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतील. गृहस्थाला तिन्ही हव्या असतात, आणि वर रंग सोफ्याला जुळणारा. बारा इंची पडद्याचं खोकं बाजूला दीड फुटाचं भरतं. त्याच्यावर दुसऱ्याच दिवशी भरतकामाचा रुमाल आणि फुलदाणी येते. फुलदाणीला हरकत घेऊ नये. ती थरथरू लागली, की गेन, म्हणजे सबवूफरचा आवाज ठरवणारं बटण, जास्त झाला हे आयतंच कळतं.

खोकं बंद घ्यावं की भोकाचं, यावर शास्त्रकारांत मतभेद आहेत. भोकाचं तेवढ्याच वॅटांत जास्त दणका देतं, पण एका हद्दीच्या खाली धाडकन बसतं. बंद खोकं सावकाश उतरतं, आणि लहान खोलीच्या भिंती त्याला खालच्या अंगाला थोडा टेकू देतात. आमचं मत फ्लॅटपुरतं बंद खोक्याच्या बाजूने आहे. एक कारण वर दिलं, दुसरं झुरळ. अंधारी, उबदार, आत हळुवार वारा खेळणारी आणि कोणी झाडू मारत नाही अशी जागा त्याला साऱ्या फ्लॅटमध्ये दुसरी सापडत नाही.

आता दुकान. लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, काउंटरवर यंत्र पाहून विकत घेऊ नये, वाजवून घ्यावं. वाजवण्याची वेगळी खोली असेल, तर विक्रेता दार लावतो, दिवे मंद करतो आणि पडद्यावर एक गाडी उडवतो. मग भोकापुढे कागद धरून तो कसा फडफडतो ते दाखवतो. आपण मान डोलवावी. यंत्रात वारा आहे एवढं त्यातून सिद्ध होतं. पंख्यातही असतो.

नंतर शांतपणे खिशातला पेनड्राइव्ह काढावा. त्यात पखवाज असावा. धुम्यावर कणीक लावलेल्या पखवाजाची थाप पडली, की ती पोटात जाणवावी आणि वादकाने हात उचलला, की थांबावी. थाप संपल्यावरही मागे ‘हूंऽऽ’ रेंगाळत असेल, तर तो खर्ज पखवाजाचा नव्हे, खोक्याचा. मग डग्गा लावावा. मनगट दाबून काढलेली मींड खालून वर सलग चढली पाहिजे. मध्येच एखादी जागा अंगावर धावून आली आणि पुढची गडप झाली, तर यंत्राला लगेच नावं ठेवू नयेत. तिथे बहुधा खोली बोलत असते. एव्हाना विक्रेत्याचा चेहरा पडलेला असतो. आपण गिऱ्हाईक नसून परीक्षक आहोत, अशी त्याची समजूत झालेली असते. भाव करायची हीच वेळ.

विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढे उभं राहून ज्यांनी बेसची व्याख्या पक्की केली आहे, त्यांना पखवाज पटणार नाही. पण त्या स्पीकरांच्या भिंती मोकळ्या रस्त्यावर छातीत गुद्दा घालायला बांधलेल्या असतात आणि चाळीसच्या खाली बहुधा फारशा जात नाहीत. दहा बाय बाराच्या हॉलचं शास्त्रच निराळं. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झची लाट अडकून उभी राहते, दहा फुटांमध्ये ५६ ची. अशा लाटेचा सगळा जोर भिंतीपाशी असतो, आणि बरोब्बर मधोमध जवळजवळ शून्य. म्हणजे हप्ते भरून यंत्र आणणारा गृहस्थ खोलीच्या मध्यावर सोफ्यात कोरडा बसतो, आणि ४७ हर्ट्झचा संपूर्ण लाभ भिंतीला टेकून शेंगा सोलणाऱ्या आजींना मिळतो. त्यांना तो नको असतो.

यावर उपाय म्हणजे रांगणे. हा विनोद नाही. जगभरचे जाणकार हेच करतात. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपल्या नेहमीच्या बसण्याच्या जागी ठेवायचा. खर्जातली एखादी चाल पुन्हा पुन्हा वाजत ठेवायची. मग जुनी ट्रॅकपँट घालून, कान गुडघ्याच्या उंचीवर आणून भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा भरीव ऐकू येईल, तिथे खडूने फुली. यंत्र तिथे ठेवून आपण सोफ्यावर बसलो, की तसंच ऐकू येतं. ध्वनीला येण्या-जाण्याची वाट एकच. रांगायला कामाच्या दिवशी दुपारची वेळ निवडावी, आणि दाराला कडी लावावी. तरीही कुरियरवाला येतोच. त्याने “काका, काही हरवलंय का?” म्हणून विचारलं, तर “४७ हर्ट्झ” असं खरं उत्तर देऊ नये.

फुली शक्यतो अडचणीच्याच ठिकाणी पडते. ईशान्येला देव्हारा, आग्नेयेला स्वयंपाकघराचं दार, उरलेल्या कोपऱ्यात चपलांचं कपाट. वास्तुशास्त्रात सबवूफरची दिशा दिलेली नाही, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचा शब्द चालतो. आणि तो आवाज यंत्राचा नसतो. एका जागेने भागलं नाही, तर यंत्रं वाढवण्याचा मार्ग उरतो. हर्मन या ऑडिओ कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली किती सबवूफर पुरतात याचा हिशेब मांडला. आयताकृती खोलीत चारांहून जास्त लावून काही साधत नाही, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन लावले तरी बरंच भागतं, असं त्यांना दिसलं. एका दांडग्यापेक्षा दोन लहान बरे, हे त्यामुळे खरंच आहे. फक्त घरी हा प्रस्ताव मांडताना महिन्याची तारीख पाहावी.

जागा ठरली, की मोबाइलवरच्या टोन जनरेटरने २० ते १२० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू चढवत न्यावा आणि घरातलं काय काय गाऊ लागतं त्याची वहीत नोंद करावी. शोकेसची सरकती काच, खिडकीचं अ‍ॅल्युमिनियमचं तावदान, चिरंजीवांची दहावीची ट्रॉफी, माळ्यावरची न वापरलेली पितळी परात. परातीचा पत्ता लागायला सर्वात वेळ लागतो. तावदानात कागदाची घडी, ट्रॉफीखाली फेल्टचा तुकडा, परातीत जुन्या चादरी. एवढ्यावर आवाज जितका सुधारतो, तितका दुप्पट किमतीच्या यंत्राने सुधारत नाही.

आता खालच्या मजल्यावरच्या काकांकडे वळू. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण ही मोजणी ‘ए’ पट्टीने होते आणि ती पट्टी खर्जाला घसघशीत सूट देते, ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबलची. म्हणजे कागदोपत्री आपण निर्दोष, आणि काकांच्या पलंगावर ढोल. काकांकडे मीटर नसतो, झाडूचा दांडा असतो, आणि तो कोणतीही सूट देत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून खर्ज अडवता येतो ही समजूत सोडावी. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वाचार मीटर. ट्रे तिच्या खिजगणतीतही नसतो. यंत्राखाली रबराचे जाड पॅड घातले, तर त्याची थरथर थेट स्लॅबमध्ये उतरत नाही, तेवढा उपयोग होतो. बाकी आवाज कमी ठेवणे आणि दिवाळीला फराळाचं ताट खाली पाठवणे. यातला दुसरा उपाय जास्त डेसिबल झेलतो.

पाठीमागची बटणं थोडक्यात. रिसीव्हर असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज वेगळा काढणारी चाळण, त्यातूनच ८० वर लावावा आणि सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर फिरवून ठेवावं, नाहीतर एकच चाळण दोनदा लागते. फेज ० की १८०, हे एकाने सोफ्यावर बसून आणि दुसऱ्याने बटण बदलून ठरवावं; ज्यात खर्ज भरलेला वाटेल ते बरोबर. ‘घूंऽऽ’ असा सततचा आवाज आला तर यंत्र आणि बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून पाहावेत. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारा वायरमन मात्र परत बोलावू नये. आणि गेन. खर्जाच्या बाबतीत कान विचित्र असतो; बराच वेळ त्याला काही ऐकूच येत नाही, आणि ऐकू येऊ लागलं, की थोड्याच वाढीने फार झाल्यासारखं वाटतं. तेव्हा सबवूफर वाजतोय असं जाणवेपर्यंत बटण फिरवावं, आणि तिथून थोडं मागे यावं. तो बंद केल्यावर घर एकदम रोड वाटलं, तर जमलं.

शेवटी एक सूचना. पॉवर्ड सबवूफरमध्ये पडदा सहसा टिकतो, आधी जातो तो पाठीमागचा अ‍ॅम्प्लिफायर. उष्णता आणि वर-खाली होणारी वीज त्याला सोसत नाही. म्हणून घेतानाच दोन गोष्टी विचारून पावतीवर लिहून घ्या: अ‍ॅम्प्लिफायरवर वॉरंटी किती वर्षांची, आणि तो स्क्रू काढून एकटाच दुरुस्तीला पाठवता येतो का. नाहीतर वीस किलोचं खोकं तीन जिने उतरवावं लागेल, आणि वाटेत खालच्या काकांचं दार आहे.