पाठीवर पडलेला तिसरा

"काय हो वहिनी, सकाळी सकाळी भांडण कसलं? सासूबाईंचा आवाज थेट आमच्या धुण्याच्या दोरीपर्यंत आला."

"भांडण कसलं, सुतक म्हणा. दोघं गेले."

"अगंबाई! कोण?"

"कोळी. चिरंजीवांचे."

रेडिंगमधल्या आमच्या दोन घरांमध्ये लाकडी कुंपण आहे. त्याच्या एका फळीची गाठ निखळून पडलीय. त्या भोकातून वहिनींचा एक डोळा दिसतो आणि घरची सगळी बातमी येते. चिमट्यांची टोपली खाली ठेवून मी फळीला टेकले.

"भिंतीवरचे कोळी नव्हेत हं. टॅरंटुला. श्रीलंकेत नुवारा एलियाला चहाचे मळे आहेत ना, तिथल्या डोंगरातली जात. 1,800 मीटरच्या वरचं गाव ते, आपलं महाबळेश्वर खालीच राहिलं. पोसिलोथेरिया सबफुस्का. 1895 साली कोणा पोकॉकसाहेबानं ठेवलेलं नाव. आमच्याकडे लाडानं पोकी म्हणतात!"

"तिकडून आणले की काय?"

"छे हो, तिथून बाहेर काढायला बंदी आहे. ही इथंच डबीत जन्मलेली पिल्लं. 2019 पासून या सगळ्या जातकुळीचा परदेश-व्यापार वन्यजीवांच्या साइट्स करारात आलाय, म्हणून पोरानं पावतीसुद्धा फाइलला लावलीय. शाळेची प्रगतिपुस्तकं मात्र सापडत नाहीत."

पिल्लं करंगळीच्या नखाएवढी. एकेकाला वेगळी डबी, झाकणाला तापल्या सुईनं पाडलेली भोकं, आत ओलसर शेवाळ आणि सालीचा उभा तुकडा. झाडाच्या ढोलीत राहणारी जात, तिला लपायला आडोसा लागतो. आणि गारवा. 18 ते 22 अंश. म्हणून पोराच्या खोलीतला रेडिएटर बंद, खिडकी किलकिली.

कोल्हापूरहून आलेल्या आजींना हे कसं पटावं? काल रात्री त्यांनी इकडचा तिकडचा अंदाज घेतला, रेडिएटर चालू केला आणि तिन्ही डब्या वरच्या फळीवर मांडल्या. वर रुमालही पांघरला!

"सकाळी दोघं पाय पोटाशी मुडपून बसलेले. गेलेच ते. तिसरा उताणा, पाय पसरून. सासूबाई म्हणाल्या, हाही गेला. डबी घेऊन निघाल्या कचऱ्याकडे आणि पोरगं जे ओरडलं..."

"का? मेला नव्हता?"

"कात टाकत होता! हे कात टाकताना उताणेच पडतात. मरतात ते पाय आवळून. आता मला सांगा, कोल्हापूरच्या बाईला हे कुठून ठाऊक असणार?"

मलाही कुठं होतं! मी आपली 'हो ना, हो ना' करत राहिले.

पुढचा तंटा जेवणाचा. पोरगं आठवड्यातून दोनदा खायला घालतं: उडता न येणाऱ्या फळमाश्या, नाहीतर मेलेल्या रातकिड्याची तंगडी. घास कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. उरलं तर दुसऱ्या दिवशी उचलायचं, नाहीतर बुरशी धरते. पाणी म्हणजे डबीच्या कडेला दोन थेंब. आणि कात टाकल्यावर काही दिवस कडक उपास, कारण नवे सुळे मऊ अन् पांढरे असतात, ते काळे झाल्याशिवाय चावता येत नाही. त्या दिवसांत जिवंत रातकिडा सोडला तर तोच याला कुरतडायचा.

"सासूबाई म्हणतात, बाळंतिणीला उपाशी ठेवता? उलट्या काळजाचे आहात."

"पण चावत नाही ना तो?"

"चावला तर माणूस मरत नाही म्हणे, पण मोठा झालेला चावला की कित्येक दिवस पेटके येतात. आणि पळतो असा, की पापणी लवेस्तोवर गायब. म्हणून झाकण उघडायचं ते न्हाणीच्या टबात डबी ठेवून. मी परवापासून शॉवरला जाताना आधी कोपरे बघते."

यानंतर पाच-सहा दिवस पाऊस, धुणं घरातच. शनिवारी दोरीला चादर टाकत होते, तर भोकाशी डोळा आला. पण वहिनींचा नव्हे. चष्म्याची सोनेरी कड दिसली. अंगावर दोन स्वेटर आणि शाल.

"अहो बाई," आजी कुजबुजल्या, "काळे झाले सुळे. तंगडी तोडायला तुमच्याकडं बारीक चिमटा आहे का?"