प्रेरणा, मार्गे भैंसा

पुण्यातल्या आमच्या एका वस्त्रकलाकार मैत्रिणीला (ती हल्ली शिवत नाही, 'धाग्याशी संवाद' साधते) प्रेरणा हवी होती. नांदेडहून भोकर-भैंसा करत ती तेलंगणातल्या निर्मलला पोहोचली. तिथले नकाश कारागीर पोनिकीचं हलकं लाकूड कोरतात, भुसा आणि चिंचोक्याच्या खळीने सांधे बुजवतात, रंगवतात. फळं, पक्षी खरे वाटावेत असे. 2009 साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं.

"तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" मोबाईल रोखून तिने विचारलं.

"लाकूड मिळालं की काम सुरू," कारागीर मोडक्या मराठीत म्हणाला. पोनिकी आता मिळेनाशी झालीय, हेही तो सांगत होता. पण तेवढ्यात भिंतीवर ऊन फार सुरेख पडलं आणि कॅमेरा तिकडे वळला. या भेटीवर बनवलेल्या सात मिनिटांच्या 'वैयक्तिक' लघुपटात पाच मिनिटं तिचेच पाय चालतात.

मुक्कामाच्या घरच्या आत्याबाईंनी (माहेर धर्माबाद) जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरायला दिली होती. चौकोनात चौकोन, एक टाका वाकडा नाही. मैत्रिणीच्या वहीत त्या रात्रीची नोंद एवढीच: 'डास फार. पांघरूण जड.'