जग बुडालं, पण नळाला पाणी आहे

सोमवार, २१ एप्रिल २०२५ रोजी सकाळी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक दुःखद घटना घडली. मयताचे नाव जोएल, राहणार जॅक्सन, राज्य वायोमिंग, देश अमेरिका. व्यवसाय : जग बुडाल्यावर उरलेलं आयुष्य ओढणे. मारणारीचे नाव ॲबी, हत्यार गोल्फची काठी, कारण जुनं वैर. पंचनाम्याला पेठेतली बरीच मंडळी हजर होती. कारण वाड्यात टीव्ही मोठा एकाच घरी, जिओहॉटस्टारचा पासवर्ड एकाच पोराकडं आणि उत्सुकता सगळ्यांकडं.

ज्यांच्या घरी अजून केबलच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात हकिकत. ‘द लास्ट ऑफ अस’ हा मुळात २०१३ सालचा व्हिडिओ गेम. क्रेग मेझिन आणि नील ड्रकमन या जोडीनं त्यावरून एचबीओसाठी मालिका केली आणि २०२३ मध्ये तिचं पहिलं पर्व आलं. गोष्टीत २००३ साली कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूत शिरते, माणसं एकमेकांना चावत सुटतात आणि सरकारं पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळतात. बुरशी अगदीच बनावट नाही. तिची सख्खी भावंडं रानातल्या मुंग्यांच्या अंगात शिरतात आणि त्यांना झाडावर चढून, पानाला जबडा रोवून मरायला लावतात. तर हा जोएल एली नावाच्या पोरीला अर्ध्या अमेरिकेतून सांभाळून नेतो. तिला झोंबी चावला तरी काही होत नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी डॉक्टर तिच्या मेंदूतून औषध काढायला निघतात, तेव्हा जोएल डॉक्टरलाच मारतो आणि पोरीला घेऊन निघतो. पाच वर्षांनी डॉक्टरची मुलगी ॲबी येऊन हिशेब पुरा करते. तोही कधी, तर त्याच सकाळी जोएलनं तिला झोंब्यांच्या तोंडातून ओढून काढल्यावर.

जगभर आकांत झाला. खरं तर गेममध्ये जोएल २०२० सालीच मेला होता, म्हणजे नातेवाइकांना पाच वर्षांची नोटीस होती. तरी लोकांनी शपथा घेतल्या की ही मालिका आता बघणार नाही. अशा शपथा अमेरिकेत २०१६ च्या ऑक्टोबरातही झाल्या होत्या. तेव्हा ‘द वॉकिंग डेड’च्या सातव्या पर्वाच्या पहिल्याच भागात नीगन नावाच्या गुंडानं काटेरी तार गुंडाळलेल्या बेसबॉलच्या बॅटनं दोन लाडकी माणसं संपवली. तो भाग सुमारे पावणेदोन कोटी अमेरिकनांनी पाहिला, पुढच्या आठवड्यात त्यातले लाखो फिरकले नाहीत. मालिका मात्र २०२२ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली आणि १७७ भाग झाल्यावरच थांबली. अमेरिकेत नायकाला झोंबी मारत नाहीत, खेळाचं साहित्य मारतं, एवढा निष्कर्ष पेठेतल्या पोरांनी त्यातून काढला आणि विषय आपल्यापुरता मिटवला.

पेठेच्या मोठ्यांचा विषय मात्र तिथून सुरू झाला.

पहिली गोष्ट म्हणजे, बुरशीवर कुणीही शंका घेतली नाही. १८८५ पासून सार्वजनिक आजोबा गणपती बसवणारी ही पेठ आहे. तिनं प्लेग पाहिला, पटकी पाहिली, अलीकडं कोरोना पाहिला. साथ आली म्हटल्यावर ती कुठून आली, कशी आली, एवढंच विचारायचं, खरी का खोटी हे नाही. पोरानं सांगितलं की पहिल्या पर्वात जकार्तातल्या पिठाच्या गिरणीकडं बोट दाखवलंय, म्हणजे पिठातून साथ पसरली असणार. यावर कडक भाकरी करून विकणाऱ्या मावशींनी थापटणारा हात न थांबवता निकाल दिला.

“मैद्यातनं आली असंल. ज्वारीतनं कशी येईल ओ? पाव खाणारे गेले. भाकरी खाणारे राहिले असतील की कुठंतरी, ते दाखवत नाहीत.”

यात तथ्य आहे. पहिल्या पर्वात जोएल आणि एली वीस वर्षांपूर्वीचा डबाबंद माल उघडून चवीनं खातात. त्या जागी सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असती, तर निर्मात्यांचा खर्च वाचला असता आणि पात्रांची तब्येतही सुधारली असती. पापडासारखी वाळवलेली ही भाकरी महिनोन् महिने टिकते, मोडते पण नासत नाही. प्रलयाची तयारी म्हणून परदेशात लोक तळघरात डबे रचून ठेवतात. आमच्याकडं ती तयारी फडक्यात बांधून दुकानात टांगलेली असते आणि पुण्याला जाणारे पाहुणे तिला खाऊ समजून घेऊन जातात.

दुसरी प्रतिक्रिया जिन्याखालच्या काकूंची. काकूंना मराठी मालिकांचा दांडगा अनुभव. त्या अजिबात हलल्या नाहीत.

“येतंय परत ते,” त्या म्हणाल्या. “रडूलालात कशाला?”

पोरानं समजावलं की काकू, डोकं फुटलंय, काठी मोडून मानेत खुपसलीय. काकूंनी ‘रात्रीस खेळ चाले’चा दाखला दिला. २०१६ साली ती मालिका सुरू झाली तीच मुळी अण्णा नाईकांच्या मरणानं. दुसऱ्या पर्वात अण्णा जिवंत होते, कारण गोष्ट मागं गेली होती. तिसऱ्या पर्वात अण्णा भूत होऊन हजर. एवढं सगळं एका मेलेल्या माणसाच्या जिवावर. ‘तुला पाहते रे’मध्ये तर बाई पुनर्जन्म घेऊन नवऱ्याचा हिशेब करायला आली. त्यापुढं गोल्फच्या काठीची ती काय कथा? पोरानं एचबीओ म्हणजे झी मराठी नव्हे, असं सुनावलं. पण १९ मेच्या सहाव्या भागात जोएल जवळजवळ तासभर हसत, गिटार वाजवत परत आला, कारण गोष्ट मागं गेली होती. तेव्हापासून पोरगं काकूंसमोर मान वर करत नाही.

तिसरी प्रतिक्रिया यंत्रमागवाल्या अण्णांची, आणि तीच सगळ्यात गंभीर. अण्णांना जोएल मेला याचं दुःख फारसं झालं नाही. ते गाव बघत होते. जॅक्सन हे जगबुडीनंतर पाव शतकानं उभं असलेलं गाव. भोवती लाकडी तटबंदी. धरणावर तयार होणारी वीज. घरोघरी नळ, गरम पाणी, सांडपाण्याची सोय. शाळा, दवाखाना, रस्त्यावर दिवे. पहिल्या पर्वात तिथली कारभारीण मारिया सांगते की इथं सगळं सामाईक मालकीचं, आणि जोएलचा भाऊ टॉमी दचकतो की म्हणजे आपण कम्युनिस्ट झालो की काय.

“हे तर आपलं रे नगर हाय बे!” अण्णा ओरडले.

कुंभारीच्या माळावर विडी, यंत्रमाग आणि असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची ही रे नगर वसाहत उभारण्याचा ध्यास लाल बावट्याचे नेते आडम मास्तर यांनी घेतला आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या द्यायला खुद्द पंतप्रधान आले. लाल बावट्याच्या प्रकल्पाची भगव्या पाहुण्यानं फीत कापलेली सोलापूरनं पाहिली आहे. त्यामुळं वायोमिंगातल्या कम्यूननं आम्हाला चकित करण्याचा प्रश्नच नाही.

पण अण्णांचा खरा प्रश्न पुढं होता. “यांचं जग बुडून पंचवीस वर्षं झाली. यांना रोज पाणी कसं काय?”

टीव्हीसमोर शांतता पसरली. जोएलच्या मरणानंही एवढी पसरली नव्हती.

कारण आपलं जग अजून बुडालेलं नाही. २०१६ च्या जानेवारीत देशातली पहिली वीस स्मार्ट शहरं जाहीर झाली, त्यात सोलापूर होतं. उजनी धरण आहे, ११७ टीएमसीचं. तिथून शहरापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर जलवाहिनी आहे, दुसऱ्या, समांतर जलवाहिनीची चर्चा तर पोरांच्या शाळेच्या दिवसांपासून होती. आणि या सगळ्याच्या शेवटी जो नळ आहे, त्याला कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येत होतं. अण्णांनी आणखी एक आकडा टाकला : उजनीतलं निम्म्याहून जास्त पाणी, सुमारे ६३ टीएमसी, हा मृत साठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, म्हणजे सबंध शहर मृत साठ्यावर जगत होतं. “अन् ही पोरं,” अण्णा म्हणाले, “झोंबी बघायला अमेरिकेत चाललीत.”

खरं तर त्या सकाळी, नेमकी ॲबीनं काठी उचलली त्या क्षणाला, बोळातून आरोळी आली होती : नळ आला. पुढचं दृश्य कुठल्याही दिग्दर्शकानं पैसे मोजून घ्यावं असं होतं. काकू, मावशी, अण्णा, पोरगं, सगळे एकदम उठले. कुणी कुणाशी बोललं नाही. नजरा समोर, हात पुढं, हातात हंडा, कळशी, बादली, ड्रम. दारात खांद्याला खांदा लागला तरी कुणी थांबलं नाही. मागं पडद्यावर बर्फातून उठलेला झोंब्यांचा लोंढा जॅक्सनच्या तटबंदीवर आदळत होता आणि त्याला बघायला खोलीत कुणी नव्हतं. बाहेर ४० अंशांची तयारी चाललेली. जोएल त्या दिवशी प्रेक्षकांविना मेला. त्याचा शेवट मंडळींनी रात्री, भांडी भरल्यावर, सावकाश पाहिला.

मराठी माणसानं या विषयाला हातच घातला नाही असं नाही. आदित्य सरपोतदारांनी २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी ‘झोंबिवली’ आणला. झोंबी डोंबिवलीत सोडले, एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी. ते गाव बरोबर निवडलं होतं. सकाळी साडेआठच्या लोकलला चढणाऱ्यांसाठी वेगळी रंगभूषा लागत नाही. पण मुंबईच्या आसपासचा प्रलय निदान लोकलनं जोडलेला असतो.

चौथी प्रतिक्रिया निवृत्त मास्तरांची. ते कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. त्यांचं म्हणणं असं की या मालिकांचा पायाच चुकलाय. सरकार गेलं, पोलीस गेले, की माणूस माणसाला खायला उठतो, असं हे लोक धरून चालतात. झोंबी हे नुसतं निमित्त. खरी भीती शेजाऱ्याची.

“सोलापुरात हा प्रयोग होऊन गेलाय,” मास्तर म्हणाले.

मे १९३०. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं. ८ तारखेला गोळीबार झाला, माणसं मेली, पोलीसही मारले गेले, चौक्या आणि न्यायालय जळालं. ते सगळं झालं, कुणी झाकत नाही. त्यानंतर पोलीस शहरातून काढून घेतले गेले. ९ ते ११ मे सोलापुरात इंग्रज सरकार नव्हतं. तेव्हा या पेठांनी काय केलं? एकमेकांना चावले नाहीत. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकात उभे राहून रहदारी सांभाळत होते. सरकार १२ मे रोजी परत आलं ते लष्करी कायदा घेऊन, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देऊन त्यानं शिस्त पूर्ववत केली. मास्तरांचा मुद्दा असा की त्या दिवसांत भीती वाटावी असं जे घडलं, ते सरकार असताना घडलं. नसतानाचे तीन दिवस त्यामानानं सुरळीत गेले.

हे ऐकून पोरानं तिसरा भाग लावला. त्यात जॅक्सनचं निवडून आलेलं मंडळ बसतं. जोएलच्या खुनाचा सूड घ्यायला माणसं पाठवायची का, यावर गावकरी भाषणं करतात, मग रीतसर मतदान होतं आणि प्रस्ताव बहुमतानं फेटाळला जातो. बाहेर झोंबी, आत तीन महिन्यांपूर्वीच्या संहाराच्या खुणा, तरी सभा होते. मास्तरांनी चष्मा पुसला. त्या दिवशी सोलापूर महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. तीन वर्षं दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर सभेविना, मतदानाविना चाललं होतं आणि कुठल्याही झोंब्यानं हल्ला केलेला नव्हता.

पेठेतल्या प्रेक्षकांनी मग एचबीओ कंपनीस द्यावयाचं निवेदन तयार केलं. त्यातली कलमं अशी :

एक. जोएलच्या मृत्यूबद्दल पेठेस दुःख आहे; तथापि मारहाणीचा प्रसंग सकाळच्या पाण्याच्या वेळेत दाखवू नये.

दोन. पुढील प्रलयात मैदा टाळून ज्वारी वापरावी. मंगळवेढ्याची मिळाल्यास उत्तम, तिला भौगोलिक मानांकन आहे.

तीन. जॅक्सनमधील पात्रं थंडीनं फार कुडकुडतात. सोलापुरी चादर घाऊक दरात पुरवली जाईल. यंत्रमाग निम्मे बंद असल्यानं माल तातडीनं मिळेल.

चार. जॅक्सनच्या पाणीपुरवठा विभागप्रमुखाचं नाव कळवावं. त्यांची प्रतिनियुक्तीवर बदली होऊ शकते का, याची चौकशी करायची आहे.

पाच. सूडाच्या प्रस्तावावर मतदान घेणारं मंडळ काल्पनिक आहे, असा इशारा सुरुवातीलाच द्यावा. तरुण मनांवर परिणाम होतो.

निवेदनावर सह्या झाल्या. मालिका बंद करायची मागणी त्यात कुणी घातली नाही, कारण बघणं कुणी सोडणार नव्हतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली, आणि तीच वाचकांपुढं ठेवून हे सदर संपवतो. जगभरच्या प्रेक्षकांना हा भाग भयंकर वाटला, कारण त्यांना त्यात आपलं जग संपताना दिसलं. शुक्रवार पेठेला त्यात एक बरं चाललेलं गाव दिसलं. तेव्हा निवडणूक कधीही होवो, मत मागायला कुणी दारात आला की त्याला झेंडा विचारू नका, जात विचारू नका. एवढंच विचारा : जग न बुडवता रोज पाणी देणार का?